कच्छचा तो शंख नवीन प्रजातीचा आहे का, हे कसे ठरवायचे?

तुम्ही नागपुरात एम.एस्सी. भूविज्ञान करता. कच्छच्या अभ्यास सहलीत एका ओढ्याच्या पात्रात तुम्हाला उंच, निमुळता समुद्री शंख मिळाला. चारेक सेंटिमीटर लांब, शेंड्याचे टोक तुटलेले, वेटोळ्यांबरोबर फिरत जाणारे ठळक कंगोरे. फोटो टाकून नेटवर शोधले तर तंतोतंत जुळणारे काही मिळाले नाही, आणि सोबतच्या एकाने ‘हा नवीनच असणार’ असे ठामपणे सांगितले. आता हा शंख नवीन प्रजाती म्हणून जाहीर कसा करायचा आणि त्याला नागपूरचे नाव देता येईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी राहतो नागपुरातच आणि टर्शरी, म्हणजे डायनासोर नष्ट झाल्यानंतरच्या काळातल्या समुद्री शंखांवर बरीच वर्षे काम करतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. दुसरा प्रश्न सोपा आहे, तो शेवटाकडे घेऊ. पहिल्याला हात घालण्याआधी तो प्रश्नच थोडा बदलावा लागेल.

जुळणारा फोटो मिळाला नाही, एवढ्यावरून प्रजाती नवीन आहे असे म्हणता येत नाही. कच्छ आणि सिंधच्या मायोसीन (टर्शरीचाच एक भाग) शंखांची जी नावे आज वापरात आहेत, त्यांतली कितीतरी १८४० ते १९२८ या काळात दिली गेली. त्यांची चित्रे जुन्या ग्रंथांतल्या छापील चित्रपानांवर आहेत. काही चित्रांत शंखाची पाठच दिसते, मुख दिसतच नाही. असे शंख फोनवरच्या शोधाला सापडायचे कसे? तो तुम्हाला फार तर आजच्या एखाद्या उष्ण समुद्रातला, पॉलिश करून विकायला ठेवलेला शंख दाखवेल. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: नाव मिळालेल्या प्रजातींपैकी याच्या सगळ्यात जवळच्या कोणत्या? त्यांच्यापासून हा नेमका कशात वेगळा आहे? आणि तो वेगळेपणा शंखाचे वय, झीज, दगडाखालचा दाब किंवा एकाच प्रजातीत नेहमी दिसणारा कमीअधिकपणा यांतून आलेला नाही, हे दुसऱ्या अभ्यासकाला पटेल असे दाखवता येते का? नवीन प्रजातीचा प्रत्येक शोधनिबंध या तीन प्रश्नांचे उत्तर असतो. बाकी सगळे नियम आणि सोपस्कार त्यानंतर येतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. शंखाचे कवच शिल्लक आहे की नुसता आतला साचा, हे मला तुमच्या वर्णनावरून कळत नाही. कंगोरे दिसतात म्हणता, म्हणजे कवच किंवा निदान बाहेरचा ठसा असावा. आतला साचा म्हणजे शंखाच्या पोकळीत भरून घट्ट झालेला गाळ. कवच विरघळून गेले की तो उरतो, गुळगुळीत असतो आणि त्यावर बाहेरचे नक्षीकाम जवळजवळ उतरत नाही. जुन्या काळी अशा साच्यांना सर्रास नावे दिली गेली आणि त्यांतली बरीच आज कोणालाच वापरता येत नाहीत. तुमच्याकडे फक्त साचा असेल, तर नवीन नावाचा विचार इथेच थांबवा. कवच विरघळले असले तरी भोवतालच्या दगडात बाहेरचा ठसा राहिला असेल, तर मात्र आशा आहे. त्यात सिलिकॉन रबर ओतून हुबेहूब प्रतिकृती काढता येते, आणि चांगल्या प्रतिकृतीवर मूळ कवचाइतकेच बारीक काम करता येते.

आता तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट: शंख ओढ्याच्या पात्रात पडलेला होता. कच्छच्या पश्चिम भागात खारी नदी आणि छासरा हे मायोसीनच्या सुरुवातीचे, म्हणजे साधारण २.३ कोटी ते १.६ कोटी वर्षांपूर्वीचे थर एकावर एक आहेत. वरच्या थरातून सुटलेला शंख घरंगळत खालच्या थरावर येऊन बसतो, आणि पावसाळ्यात ओढा त्याला आणखी पुढे नेतो. अशा शंखाचे वय सांगता येत नाही. वय सांगता आले नाही, तर त्याची तुलना कोणत्या थरातल्या शंखांशी करायची हेही ठरत नाही. एकाच थरात एकत्र सापडलेले दोन वेगळे दिसणारे शंख आणि चाळीस लाख वर्षांच्या अंतराने जगलेले दोन वेगळे दिसणारे शंख, यांचा अर्थ अगदी निराळा आहे. पहिल्या जोडीत कदाचित एकाच प्रजातीचे दोन टोकांचे नमुने असतील. दुसऱ्या जोडीत एका प्रजातीतून दुसरी निघत गेल्याचा पुरावा असू शकतो.

म्हणून त्या जागी पुन्हा जावे लागेल, किंवा तिथे काम करणाऱ्या कोणाला तरी गाठावे लागेल. ओढ्याच्या दोन्ही काठांवरचे थर खालून वर मोजत, प्रत्येक थराची जाडी, रंग आणि दाणा वहीत लिहीत, असे शंख नेमके कोणत्या थरातून बाहेर येतात ते शोधायचे. मग त्या थरातून, हातोडी आणि छिन्नीने, जागचे शंख काढायचे. प्रत्येक पिशवीत थराचा क्रमांक आणि जीपीएसची नोंद हवी. जमीन कोणाची आहे, परवानगी कोणाची लागेल, हे तिथल्या पंचायतीत आधी विचारून घ्या. कच्छचे लोक अशा कामाला मदत करतात, पण न विचारता खोदलेले कोणालाच आवडत नाही.

सफाईबद्दल एक कळकळीची विनंती. शंखाला लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे ॲसिड लावू नका. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. ॲसिड दगडाआधी त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक कंगोरे खाऊन टाकते, आणि ओळख पटवायची ती नेमकी त्याच कंगोऱ्यांवरून. मातकट गाळ असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढा. चिकणमाती सुटत नसेल तर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटचे पातळ द्रावण चालते. मुखातला कडक गाळ सुईने, सूक्ष्मदर्शकाखाली, कणाकणाने काढायचा. यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात, पण मुख मोकळे झाल्याशिवाय पुढचे काहीच बोलता येत नाही.

का, ते सांगतो. उंच आणि निमुळता आकार शंखांच्या अनेक कुलांत स्वतंत्रपणे आला आहे. टरिटेलांचे कुल आहे, सेरिथियमांचे आहे, खाडीच्या चिखलात राहणाऱ्या पोटॅमिडिडांचे आहे, वाळूत घुसणाऱ्या टेरेब्रांचे आहे. शेंडा आणि वेटोळी पाहून यांत गल्लत होते, मुख पाहून ती बरीचशी दूर होते. टेरेब्राच्या मुखाच्या तळाशी श्वासनळीसाठी स्पष्ट खाच असते. सेरिथियमच्या मुखाला खाली छोटी पन्हळ असते. टरिटेलाचे मुख गोलसर किंवा चौकोनीसर असते आणि त्याला ना खाच असते ना पन्हळ. तुमच्या वर्णनावरून मी टरिटेला धरून पुढे लिहितो, पण मुख उघडून दुसरेच काही निघाले तर तुलनेची सगळी यादी बदलेल, हे लक्षात ठेवा.

टरिटेलांमध्ये प्रजाती ओळखताना मी क्रमाने तीन गोष्टी पाहतो. पहिली, वेटोळ्याची बाजूची रेषा: सपाट आहे, फुगीर आहे, की खालच्या बाजूला कंगोऱ्यामुळे कोन झाला आहे. दुसरी, वाढीच्या रेषा. टरिटेलाचा बाहेरचा ओठ पातळ असतो, त्यामुळे तो जवळजवळ नेहमी तुटलेला मिळतो. पण शंख वाढत असताना प्रत्येक वेळचा ओठ कवचावर बारीक रेघ सोडून जातो. ती रेघ किती खोल वाकते आणि वेटोळ्याच्या कोणत्या उंचीवर सगळ्यात मागे जाते, यावरून न दिसणाऱ्या ओठाचा आकार कळतो. तिरपा उजेड टाकला की या रेषा दिसतात. नेहमीच्या वरून पडणाऱ्या उजेडात काढलेल्या फोटोत त्या दिसत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तुमच्या नमुन्यात नेमकी तीच नाही. टोकाजवळच्या पहिल्या वेटोळ्यांवर मुख्य कंगोरे एका ठरावीक क्रमाने उगवतात: आधी मधला, मग वरचा किंवा खालचा, असे. हा क्रम गटागटात वेगळा असतो. पुढे मोठ्या वेटोळ्यांवर मधल्या जागांत दुय्यम कंगोरे भरत जातात आणि दोन अगदी वेगळ्या घराण्यांचे शंख मोठेपणी सारखे दिसू लागतात. त्यांचे खरे नाते टोकापाशी लिहिलेले असते. त्याहून वर, अगदी शेंड्यावर, अंड्यातून आणि अळीच्या अवस्थेतून आलेली इवलीशी वेटोळी असतात. त्यांना प्रोटोकाँच म्हणतात. तो अनेक वेटोळ्यांचा आणि बारीक असेल, तर ती अळी पाण्यात तरंगत, खात, दूरवर गेलेली असते. थोड्याच वेटोळ्यांचा आणि जाडसर असेल, तर ती बहुधा जन्मल्या जागेच्या आसपासच राहिलेली असते. यावरून तुलना किती लांबवर करायची हेही ठरते. दूर जाणारी अळी असेल, तर कच्छमध्ये ‘नवीन’ वाटणारा शंख जावामध्ये किंवा इराणच्या मकरान किनाऱ्यावर कोणीतरी आधीच वर्णिलेला असण्याची शक्यता बरीच वाढते.

टोके मिळवायची कशी? मोठे शंख फोडून नव्हे. त्याच थरातली दोन-तीन किलो मऊ माती आणा, वाळवा, भिजवा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुऊन घ्या. चाळणीवर उरलेल्या कणांत, नशीब बरे असेल तर, लहान वयात मेलेले टरिटेला मिळतात आणि त्यांची टोके शाबूत असतात. लहानांपासून मोठ्यांपर्यंत एक सलग मालिका लावता आली, की मोठ्या शंखाची ओळख पक्की होते.

आता कमीअधिकपणाचा प्रश्न. याचा सराव करायला कच्छलाही जावे लागत नाही, आपल्या नागपूरचेच उदाहरण पुरेसे आहे. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मध्ये सापडणारे गोड्या पाण्याचे शंख टाकळीच्या थरांतून पार एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध झाले. त्यांतला डावीकडे वळणारा फायसा प्रिन्सेपाय, ज्याचे वर्णन इंग्रज अभ्यासक सॉवर्बीने १८४० साली केले, सगळ्यात नामवंत. सिव्हिल लाइन्समधल्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० साली नागपूरच्या या शंखांवर मोठा निबंध लिहिला. त्यांना या फायसाचे लांबट आणि फुगीर असे नमुने दिसले. त्यांनी ते प्रकार म्हणून नोंदवले, पण वेगळ्या प्रजाती केल्या नाहीत. मला या निर्णयाबद्दल फार आदर आहे. समोर फक्त एक लांबट आणि एक फुगीर शंख असता, तर कोणीही दोन नावे दिली असती. भरपूर नमुने समोर असले, तरच मधले दुवे दिसतात.

तुम्हीही तेच करा. एकाच थरातले जितके पूर्ण शंख मिळतील तितके घ्या. व्हर्नियरने प्रत्येकाची उंची, शेवटच्या वेटोळ्याची रुंदी, शेंड्याचा कोन आणि ठरावीक उंचीच्या वेटोळ्यावरच्या कंगोऱ्यांची संख्या मोजा. एक्सेलवर आलेख काढा. सगळे बिंदू एकाच सलग पुंजक्यात पडले आणि तुमचा ‘नवीन’ शंख त्या पुंजक्याच्या कडेला असला, तर तो त्या प्रजातीतला एक टोकाचा नमुना आहे. दोन पुंजके स्पष्ट वेगळे पडले आणि ते लहान-मोठ्या वयाचे पुंजके नाहीत याची खात्री झाली, तर पुढे जायला हरकत नाही. वयाची खात्री करा म्हणतो, कारण लहान टरिटेलाची वेटोळी आणि मोठ्याची वेटोळी यांची तुलना केली की फरक निघणारच.

कवचावरच्या जखमांकडेही लक्ष द्या. खेकड्याने ओठ तोडला तर शंख तो पुन्हा बांधतो, आणि त्या सांध्यानंतर कंगोरे काही अंतर वेडेवाकडे किंवा कमीअधिक होतात. असा एकच नमुना हातात असला तर तो हमखास ‘वेगळा’ वाटतो. नॅटिसिडी कुलातले शिकारी शंख टरिटेलांना गोल, तिरप्या कडांचे भोक पाडून खातात. ते भोक प्रजातीचे लक्षण नसते, पण ते फोटोत आले तर वर्णनात त्याचा उल्लेख करावा.

यानंतरचा टप्पा जुन्या निबंधांचा. कच्छसाठी सुरुवात १८४० पासूनच करावी लागते. कॅप्टन ग्रँट यांनी कच्छचा भूवैज्ञानिक नकाशा केला, त्यासोबत सॉवर्बीने तिथल्या जीवाश्मांची वर्णने दिली. टरिटेला अँग्युलाटा आणि टरिटेला असिमिलिस ही नावे तिथूनच आली. ती वर्णने एक-दोन ओळींची आहेत आणि आजच्या गरजेला पुरत नाहीत. त्यानंतर १८५३-५४ मध्ये दार्शियाक आणि एम या फ्रेंच अभ्यासकांचे सिंधच्या जीवाश्मांवरचे मोठे काम आले. मग व्रेडेनबर्ग यांचे वायव्य भारताच्या टर्शरी मोलस्कांवरचे (शंख-शिंपल्यांवरचे) दोन भाग, जे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने (जीएसआय) १९२५ आणि १९२८ साली, लेखक वारल्यानंतर, छापले. व्रेडेनबर्ग वाचल्याशिवाय कच्छच्या टरिटेलाला कोणी हात लावू नये, असे माझे मत आहे. शेजारची कामेही बघावी लागतात: केरळातल्या क्विलॉनच्या थरांवरची, जावाच्या जीवाश्मांवर कार्ल मार्टिन यांनी केलेली, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची. यांतले बरेचसे बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळते. मोलस्काबेस या सूचीत नावांची आजची स्थिती पाहता येते. ती अपुरी आहे, विशेषतः जीवाश्मांच्या बाबतीत, पण सुरुवातीला उपयोगी पडते.

पण निबंध वाचणे म्हणजे अर्धेच काम. खरी तुलना मूळ नमुन्याशी, म्हणजे ज्या शंखावरून नाव दिले गेले त्याच्याशी, करायची असते. त्याला टाइप म्हणतात. चित्रकाराने कंगोरा ठळक केला असेल, टोक कल्पनेने पूर्ण केले असेल. व्रेडेनबर्ग यांचे नमुने कोलकात्याला जीएसआयकडे आहेत. तुमच्या विभागप्रमुखांच्या पत्रासह अर्ज केला तर पाहता येतात, अर्थात वेळ लागतो. सॉवर्बीचे नमुने ब्रिटनमध्ये गेले. तिथल्या संग्रहालयांना नमुन्याच्या नोंदीसह नम्र ईमेल पाठवले तर बहुतेक वेळा फोटो मिळतात. सेमिनरी हिल्सच्या जीएसआय कार्यालयातल्या आणि विद्यापीठातल्या लोकांना आधी भेटा. कोणाला काय विचारायचे हे त्यांना माहीत असते, आणि विद्यार्थ्याने नीट तयारी करून प्रश्न विचारला तर ज्येष्ठ माणसे वेळ देतात असा माझा अनुभव आहे.

इथपर्यंत आलात, म्हणजे थर पक्का, मुख मोकळे, टोके हातात, मोजमापे झालेली, जुने टाइप पाहिलेले, आणि तरीही शंख वेगळाच उभा राहिला, तर नाव देण्याचा अधिकार तुम्हाला आहे. त्याचे नियम प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तुम्हाला लागणारे मुद्दे थोडे आहेत. नाव नवीन आहे हे निबंधात स्पष्ट लिहायचे. इतर प्रजातींपासून वेगळे काढणारी लक्षणे शब्दांत द्यायची. नुसता फोटो चालत नाही. एक नमुना होलोटाइप म्हणून नेमायचा आणि तो कोणत्या संस्थेच्या संग्रहात ठेवला आहे ते लिहायचे. त्याच मालिकेतले इतर नमुने पॅराटाइप होतात. ‘बहुधा नवीन असावी’ असे म्हणून सशर्त दिलेले नाव १९६० नंतर ग्राह्यच धरले जात नाही. निबंध फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणार असेल, तर २०१२ पासून तो आधी झूबँक या नोंदवहीत नोंदवून तो क्रमांक निबंधात छापावा लागतो. एम.एस्सी.चा प्रबंध किंवा व्हॉट्सॲपवरची बातमी म्हणजे सहसा प्रकाशन नव्हे. तिथे नाव आधी फोडले तर पुढे गोंधळ होतो, म्हणून निबंध छापून येईपर्यंत नाव कोणालाही सांगू नका.

होलोटाइप घरी ठेवायचा नाही, कॉलेजच्या कुलूपबंद कपाटातही नाही, जिथे प्राध्यापक निवृत्त झाले की किल्लीच सापडत नाही. जीएसआय, पुण्याची आघारकर संस्था किंवा नोंदवही आणि क्रमांक असलेले विद्यापीठाचे संग्रहालय, अशी जागा हवी. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला तुमच्या प्रजातीबद्दल शंका आली, तर तिला किंवा त्याला तो शंख हातात घेऊन पाहता आला पाहिजे. टाइप हरवलेल्या जुन्या नावांचा गुंता सोडवण्यात माझ्यासारख्यांचे आयुष्य जाते. त्यात भर घालू नका, हे अगदी मनापासून सांगतो.

वर्णन लिहिताना आधी चार-पाच ओळींत फक्त वेगळेपणाची लक्षणे द्या. मग टोकापासून मुखापर्यंत क्रमाने पूर्ण वर्णन लिहा, मोजमापांचा तक्ता जोडा आणि मग जवळच्या प्रजातींशी एकेकाची तुलना करा. हा तुलनेचा भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात काटेकोर असला पाहिजे. परीक्षक तोच आधी वाचतात, मीही तोच आधी वाचतो. फोटो मुखाच्या बाजूने, पाठीने, ओठाच्या कडेने आणि शेंड्यावरून असे चारही बाजूंनी हवेत, सोबत मिलिमीटरची पट्टी. फोटोआधी शंखावर नवसागराची वाफ देऊन पातळ पांढरा थर चढवतात. त्याने रंगाचे डाग झाकले जातात आणि कंगोरे उठून दिसतात. हे काम कोरड्या हवेत करा. नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो थर ओल धरून लगेच चिकट होतो. फोटो झाल्यावर शंख पाण्याने धुऊन नीट वाळवायचा. नवसागर तसाच राहिला तर कवच खराब होते.

आता नागपूरच्या नावाचे. नियमाने ते अडत नाही. पण ‘-एन्सिस’ लावून केलेले नाव वाचणाऱ्याला वाटते की प्रजाती त्या गावची आहे. कच्छच्या समुद्री शंखाला नागपूरचे नाव दिले तर पुढच्या पिढ्या त्याचा पत्ता नागपूरच्या थरांत शोधतील. हे इथे जरा जास्तच दिशाभूल करणारे आहे, कारण नागपूरच्या आसपास प्राचीन समुद्र होता का हा खराखुरा वादाचा प्रश्न आहे. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिलीला लाव्हाथरांमधल्या गाळात समुद्री फोरामिनिफेरा (सूक्ष्म एकपेशी जीव) मिळाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून त्यावर खूप लिहिले गेले आहे. अशा वेळी नावाने खोटी खूण सोडू नये. तशी नागपूरच्या नावाची सोय आधीच झाली आहे: हिस्लॉप यांनी इथल्याच सक्सिनिया या शंखाला नागपूरेन्सिस म्हटले होते. तुमच्या शंखाला त्याच्या गावाचे, थराचे किंवा ठळक लक्षणाचे नाव द्या. व्यक्तीचे द्यायचे असेल तर पुरुषाच्या नावाला लॅटिनचा ‘-आय’ आणि स्त्रीच्या नावाला ‘-ए’ हा प्रत्यय लागतो. विशेषण वापरलेत तर ते जीनसच्या (नावातल्या पहिल्या शब्दाच्या) लिंगाप्रमाणे चालते, आणि टरिटेला स्त्रीलिंगी आहे, म्हणून अँग्युलाटा, अँग्युलाटस नाही. स्वतःचे नाव देऊ नका. संहिता त्याला मना करत नाही, पण या क्षेत्रात ते कोणी करत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आज या एका, टोक नसलेल्या, थर माहीत नसलेल्या शंखाला नाव दिले नसते. त्याच्या पेटीवर ‘टरिटेला, असिमिलिसच्या जवळची’ किंवा मुख उघडल्यावर जे निघेल ते लिहिले असते. शास्त्रात यासाठी ‘कन्फर’ आणि ‘अफिनिस’ असे शब्द आहेत: पहिला ‘याच्याशी ताडून पाहा’ म्हणतो, दुसरा ‘याच्या नात्यातला, पण बहुधा तो नव्हे’ म्हणतो. प्रबंधात असे लिहिणे पूर्ण प्रतिष्ठेचे आहे. त्यावरून परीक्षकाला कळते की हा विद्यार्थी कुठे थांबायचे ते जाणतो.

आणि नवीन प्रजाती वर्णायचीच असेल, तर चाळणीवर उरलेल्या त्या कणांकडे पुन्हा वळा. मोठे, देखणे शंख दीडशे-पावणेदोनशे वर्षे लोक उचलत आले आहेत, त्यामुळे त्यांत नवीन निघायला फार कष्ट पडतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान शंखांकडे मात्र त्या मानाने फार कमी जणांनी पाहिले आहे. सॉवर्बी आणि व्रेडेनबर्ग यांच्या काळी भर हाताने वेचलेल्या मोठ्या नमुन्यांवरच होता. एका किलो मऊ मातीत असे अनेक कुलांचे पूर्ण, टोकासकट, मुखासकट शंख मिळू शकतात, आणि ते थरातूनच आलेले असल्याने वयाचाही प्रश्न उरत नाही. विभागातला सूक्ष्मदर्शक आणि चांगला ब्रश एवढ्यावर काम सुरू होते. पहिल्या चाळणीतले शंख कुलवार वेगळे करून त्यांचे फोटो काढलेत, तर मला जरूर दाखवा.